गाळ नव्हे, गाळी: चढाला ट्रॅक्टर दम सोडतोय, एअर काढली की दोन दिवस बरा, परत तेच

ज्यांचा ट्रॅक्टर सपाटीला झकास चालतो, रिकाम्या ट्रॉलीला काही तक्रार नाही, पण ऊस भरून चढाला लागला की आवाज बसतो, रेस पूर्ण दिली तरी आरपीएम खालीच येतो आणि शेवटी बंद पडतो, मग हातपंप मारून डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा म्हणजे एअर काढली की चालू, आणि दोन-तीन दिवसांनी परत तेच, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्ही यात निम्मा हंगाम घालवला. दोषी निघाली वीतभर रबरी पाइप. पण ती सापडेपर्यंत काय काय उद्योग केले ते पण सांगतो, कारण तुमच्याकडं पण बहुतेक तेच चालू असणार.

आधी गाडी कसली ते. जुनी, तीन सिलिंडर, 45 एचपी, ओळीत प्लंजर (डिझेल ढकलणारे दांडे) असलेला डिझेल पंप, इंजिनचा वेग सांभाळणारा फिरत्या वजनांचा गव्हर्नर, कुठं सेन्सर नाही की कंप्युटर नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, चूक कंपनीची नव्हतीच. जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागले, त्यामुळं बऱ्याच नव्या गाड्यांना कॉमन रेल आलंय, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच जबर दाबाच्या नळीतनं डिझेल. तसली गाडी असेल तर यातलं टाकीपासून फिल्टरपर्यंतचं तेवढं घ्या, पुढं पाना लावू नका. त्या रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, चालू इंजिनचा नट ढिला केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते, दिसायला टाचणीएवढं भोक आणि आतनं हात सडतो. गंमत नाही ही.

तर आमचं गाव बेळगावजवळ कडोलीच्या बाजूला. ऊस जातो संकेश्वरकडं, म्हणजे काकतीला हायवेला लागायचं आणि मग वंटमुरी घाट. मागं दोन ट्रॉल्या. पहिला आठवडा बरा गेला, मग एका रात्री दीडला ड्रायव्हरचा फोन, "दादा, घाटात हुबा हाय, गाडी दमच धरंना." डिझेल संपलं असेल म्हणून मी वीस लिटरचा कॅन घेऊन बाइकवर गेलो, कॅन ओतला, एअर काढली, गाडी सुरू, चढली. झालं, संपला विषय असं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

यावेळी त्यानं रस्त्यावरच्याच एका मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा माणूस, कन्नडच बोलणारा, मराठी कळतं पण बोलत नाही. आमचा ड्रायव्हर चंदगडचा, त्याला कन्नड म्हणजे जेवायचं आणि भाड्याचं तेवढं. मिस्त्रीनं हातपंप दोन वेळा दाबला, फेस बघितला आणि म्हणाला, "गाळी हिडदैति." ड्रायव्हरनं मला फोनवर सांगितलं, "दादा, मिस्त्री म्हणालाय गाळ हाय."

गाळी म्हणजे कन्नडमध्ये वारा, हवा. म्हातारा म्हणत होता गाडी एअर घेतीय. आम्ही ऐकलं गाळ!

मग काय, दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली, धुतली, दोन्ही फिल्टर नवे घातले. आणि वाईट म्हणजे टाकीत गाळ निघाला पण, चांगला वाटीभर, काळा चिकट, त्यामुळं सगळ्यांना खात्रीच पटली की हेच होतं. आबा तर म्हणाले बघ मी सांगत होतो, त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं ते सोडा. टाकी परत चढवली, फुल केली, चार दिवस गाडी अशी पळाली की काय विचारू नका. पाचव्या दिवशी घाटात उभी.

यानंतर शहरातल्या एका नावाजलेल्या मेकॅनिककडं नेली. त्यानं गाडी आयडलला लावून आवाज ऐकला, रेस वर-खाली, वर-खाली, आपोआप झोके खात होती, आपल्याकडं म्हणतात ना इंजिन डुलतंय, तसं. त्यानं सरळ सांगितलं गव्हर्नरचं स्प्रिंग गेलंय, पंप खाली काढून बेंचला, म्हणजे पंप तपासायच्या मशीनला लावावा लागेल, आठ दिवस. ऐन हंगामात आठ दिवस म्हणजे ऊसतोड टोळीला बसवून भाकरी घालायची. मी हो म्हणणार होतो पण पैसे नव्हते म्हणून दोन दिवस थांबलो, पैसे नसणं कधी कधी कामाला येतं.

आता इथं थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पाना फिरवणं होईल. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा हवा अडवायचा पडदा नसतो. हवा प्रत्येक वेळी पोटभर आत जाते, ताकद कमी-जास्त होते ती फक्त डिझेल किती सोडलं त्यावर. आणि रेसचा पाय थेट डिझेल सोडत नाही, ही गोष्ट पुष्कळ जुन्या ड्रायव्हरांना पण माहीत नाही. पाय गव्हर्नरच्या स्प्रिंगला सांगतो की मला एवढा आरपीएम पाहिजे. गव्हर्नरमधली वजनं इंजिनबरोबर फिरतात, जोरात फिरली की बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात, वेग पडला की आत येतात आणि डिझेल वाढवतात. वाफेच्या इंजिनाला जेम्स वॅटनं 1788 साली हाच जुगाड लावला होता, तोच अजून आपल्या ट्रॅक्टरात बसलाय. गव्हर्नर पंपातली रॅक नावाची दातेरी पट्टी सरकवतो, रॅक प्लंजरला थोडं फिरवतो, प्लंजरवर तिरकी खाच असते, ती भोकासमोर लवकर आली तर डिझेल कमी जातं, उशिरा आली तर जास्त. बस, एवढाच सगळा कारभार.

पण माप किती बारीक ते बघा. 2000 आरपीएमला तीन सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला 50 वेळा डिझेल उडतं. पूर्ण लोडला आमची गाडी तासाला दहाएक लिटर पिते, हिशोब केला तर एका वेळी 55 घन मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक थेंब. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड, उघडायला साधारण 200 बार लागतात. डिझेल दाबलं जात नाही म्हणून प्लंजरनं ढकललं की लगेच नोझल उघडतं, पण तिथं हवेचा बुडबुडा असला तर प्लंजर बुडबुडाच दाबत बसतो, नोझल उघडतच नाही, तो स्ट्रोक फुकट गेला. मजा म्हणजे रुडॉल्फ डिझेलनं 1897 ला जे इंजिन करून दाखवलं ते डिझेल आत उडवायला दाबलेली हवाच वापरायचं. पुढं 1927 ला बॉशचे पंप कारखान्यातनं बाहेर पडायला लागले तेव्हापासून हवा ही वैरीण झाली.

आता डुलण्याचं बघा. बुडबुडा आला, एक-दोन स्ट्रोक फुकट, वेग पडला. गव्हर्नरला वाटतं लोड आला, तो रॅक पुढं ढकलतो. तेवढ्यात बुडबुडा निघून गेला, आता डिझेल जास्त, इंजिन उसळतं, गव्हर्नर मागं ओढतो, परत बुडबुडा. गव्हर्नर बिचारा आपलं काम करतोय आणि शिव्या पण तोच खातोय. म्हणून डुलतंय म्हणून पंप खोलू देऊ नका, आधी हवा नाही याची खात्री करा. स्प्रिंग खराब असू शकतं, रॅक चिकटू शकतो, पण ते नंतरचं.

आणि सपाटीला का नाही, चढालाच का? टाकीतनं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा फीड पंप असतो, तो इंजिनला लागतं त्याच्यापेक्षा जास्त डिझेल ओढतो, उरलेलं रिटर्नमधून टाकीत परत जातं, थोडी हवा त्याच्याबरोबर निघून जाते आणि कुणाला कळत पण नाही. घाटात गव्हर्नर रॅक शेवटपर्यंत नेऊन ठेवतो, लागणारं डिझेल वाढतं, ओढ वाढते, ओढ वाढली की फटीतनं हवा पण जास्त येते, आणि त्याच वेळी एक थेंब पण चुकवायला परवडत नाही.

आम्हाला उलगडा झाला तो डिझेलच्या पावत्यांवरनं. बायको हिशोब लिहीत होती, तिनं सहज विचारलं की बंद पडलेल्या दिवशी आदल्या रात्री डिझेल घातलेलं नाही असं का दिसतंय प्रत्येक वेळी. बघितलं तर खरंच. टाकी फुल असेपर्यंत गाडी कधीच बंद पडलेली नव्हती, अर्ध्याखाली आली की दुखणं सुरू. आणि प्रत्येक वेळी आम्ही काय करत होतो, कॅन ओतत होतो! म्हणजे बरं वाटत होतं ते एअर काढल्यामुळं जेवढं, तेवढंच टाकी भरल्यामुळं. टाकी धुतल्यावर चार दिवस पळाली ती पण फुल केली होती म्हणून.

मग मी स्वतः त्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं गाळ-गाळीचं ऐकलं आणि इतका हसला की खोकला लागला. मग त्यानं सांगितलेली तपासणी अशी, मी करून बघितलीय, ह्याच क्रमानं करा.

पहिलं टाकीचं झाकण. झाकणाला श्वास घ्यायचं बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलं तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल यायचं कमी होतं, अगदी हीच लक्षणं. चढाच्या आधी थांबून झाकण उघडा, फुस्स करून आवाज आला तर तुमचं काम दोन मिनिटात झालं. आमचं नाही झालं.

दुसरं, पारदर्शक पाइप. गवंडी लोक लेव्हल बघायला जी पाणी भरलेली प्लॅस्टिकची पाइप वापरतात त्याचा हातभर तुकडा घ्या, फीड पंपाच्या अगदी आधी, टाकीकडनं येणाऱ्या लाइनमध्ये बसवा, क्लिप नीट आवळा. टाकी अर्ध्याखाली असताना इंजिन चालू करून रेस द्या आणि बघा. डिझेल काचेसारखं स्वच्छ सरकायला पाहिजे. बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा टाकी आणि त्या तुकड्याच्या मध्येच कुठंतरी घुसतीय. आमच्याकडं माळ काय, सोड्याची बाटली वाटत होती. ही पाइप फक्त तपासायला हां, कायमची ठेवू नका, डिझेलनं ती कडक होते आणि फुटते.

तिसरं म्हणजे कॅनची परीक्षा, माझ्या मते सगळ्यात भारी. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनला पाइप लावून कॅन टाकीपेक्षा उंच बांधायचा, सायलेन्सरपासून लांब, आणि ती पाइप सरळ फीड पंपाला द्यायची, टाकी बाजूलाच. रिटर्नची पाइप पण कॅनमध्ये सोडा नाहीतर कॅन लवकर संपेल. आता भरल्या ट्रॉलीनं एखादा छोटा चढ चढवून बघा. गाडी वाघासारखी चढली तर पंप, नोझल, गव्हर्नर सगळे निर्दोष, दोष टाकी ते फीड पंप. तरी पण दम सोडला तर पुढं बघायचं, फीड पंपाचे व्हॉल्व्ह, त्याच्या बोल्टातली बारीक जाळी (ही जाळी कुणी साफच करत नाही, असते हेच माहीत नसतं), मग फिल्टर, मग पंप.

आमची चढली.

मग टाकी ते फीड पंप लाइन बोटानं चाचपत गेलो. इथं एक गोष्ट डोक्यात ठेवा, लिकेज म्हटलं की आपण खाली डिझेल ठिबकतंय का बघतो, पण ओढीच्या बाजूला डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, खाली सगळं कोरडं. आमच्याकडं आदल्या वर्षी ब्रॅकेटचं वेल्डिंग करताना जळू नये म्हणून पाइप कापून वरनं फिरवली होती आणि मध्ये पितळी तुकडा घालून जोडली होती. तो जोड बरोबर टाकीच्या निम्म्या उंचीवर! टाकीतलं डिझेल त्या जोडाच्या वर असेपर्यंत जोडावर आतनं दाब, त्यामुळं हवा घुसत नव्हती, उलट किंचित पाझरायचं. पातळी खाली गेली की तिथं ओढ, आणि रबर कडक होऊन क्लिपखाली केसाएवढी चीर पडलेली. पाझरल्याची खूण पण होती, जोडाभोवती धूळ ओलसर होऊन चिकटलेली, बाकी पाइप कोरडी. ती खूण मी शंभर वेळा बघितली असेल आणि शंभर वेळा वाटलं असेल की ट्रॅक्टर आहे, मळणारच.

उपाय एका वाक्यात: जोड काढला, डिझेलची म्हणून मिळणारी एकच अखंड पाइप घातली, खालनं नेली, दोन नव्या क्लिपा. दीडशे रुपयाच्या आत. टाकी धुणं आणि फिल्टर यात याच्या वीसपट गेले होते.

एअर नीट कशी काढायची ते पण सांगतो, कारण अर्धवट काढली तर दुरुस्ती बरोबर होऊन पण गाडी परत बंद पडते आणि तुम्ही म्हणणार हे खोटं सांगतोय. टाकीकडनं इंजिनकडं असंच जायचं. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारत राहा, आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार, धार चालू असतानाच आवळायचा, हात थांबवून नाही. मग दुसरा फिल्टर तसाच. मग पंपावरचा स्क्रू. तरी इंजिन घेत नसेल तर नोझलकडचे नट एक-दोन आटे ढिले करून रेस पूर्ण देऊन स्टार्टर मारा, डिझेल उडायला लागलं की आवळा, तोंड लांब ठेवा, गिअर न्यूट्रल आहे का दोनदा बघा. स्टार्टर दहा-पंधरा सेकंदाच्या वर नको, मध्ये थंड होऊ द्या. आणि बोल्टाखालचे तांब्याचे वायसर, तेच जुने परत घातले तर तिथनंच हवा. नवीन घाला, रात्रीबेरात्री नसतीलच तर लालभडक तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं, घासून परत बसवा, तात्पुरतं चालतं.

गाळाचं पण थोडं सांगून टाकतो, तो पण खोटा नव्हता. आपल्याकडं पाऊस म्हणजे चार महिने दमटपणा, अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की आत पाणी सुटतं, खाली बसतं, डिझेल आणि पाण्याच्या मध्ये बुरशीसारखी चिकटी धरते. शक्यतो संध्याकाळी टाकी भरून लावा आणि सकाळी इंजिन चालू करायच्या आधी फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढा. कॅननं ओतताना चाळणी वापरा, फडकं नको, फडक्याचे तंतू जातात.

धुरावरनं पण बरंच कळतं. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून अजिबात धूर नाही तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण पेटत नाही तर डिझेल पोचतंय, दुखणं दुसरीकडं. चढाला काळा धूर ओकत दम सोडत असेल तर हे सगळं सोडा आणि आधी एअर फिल्टर बघा, तिथं डिझेल कमी नाही, हवा कमी आहे. आणि इंजिन थंड असताना चालू होते पण गरम झाल्यावर बंद केली की परत लागत नाही असं असेल तर प्लंजर झिजले असायची शक्यता, गरम डिझेल पातळ होऊन बाजूनं निसटतं. तेव्हा मात्र पंप बेंचलाच.

अजून एक, कुठल्या दुरुस्तीनंतर रॅक अडकून इंजिन आपोआप रेस होत सुटलं आणि स्टॉपचा नॉब ओढून पण थांबत नसेल तर पळू नका, एअर फिल्टरच्या तोंडावर फळी किंवा सपाट पत्रा दाबून हवा बंद करा. हाताचा पंजा लावू नका.

पाइप घातल्यापासून हंगाम संपेपर्यंत घाटात एकदाही थांबलो नाही, अगदी टाकी पाव असताना मुद्दाम पाठवून बघितलं. ड्रायव्हरनं आता 'गाळी' शब्द पाठ केलाय आणि पंखा लावा म्हणायला पण तोच वापरतो. एक बारीक दुखणं मात्र अजून आहे, सकाळी पहिला स्टार्टर वाया जातो, दुसऱ्याला घेते, म्हणजे रात्री डिझेल कुठंतरी मागं उतरतंय. फीड पंपाच्या व्हॉल्व्हवर संशय आहे, येत्या अमावस्येला गाडी उभी असणार तेव्हा खोलून बघतो.